आधी खडू, मग माउस

ओव्हाळ मॅडमच्या खोलीत कॉम्प्युटरपेक्षा फळा मोठा होता. फळा म्हणजे शाळेत असतो तसा खराखुरा हिरवा फळा, भिंतभर. कुठल्याशा बंद पडलेल्या क्लासमधून त्यांनी तो टेंपोत घालून आमच्या चाकणच्या कंपनीत आणला आणि कामावरच्या पहिल्याच दिवशी मला, म्हणजे टूलरूमच्या बोऱ्हाडेला, ठोकायला बोलावलं.

"दादा, लेव्हल लावून नीट ठोका," त्या म्हणाल्या, "ह्याच्यावर मोठमोठी माणसं चुकणार आहेत."

मला बाई जरा जास्तच वाटल्या. आमची कंपनी प्लास्टिकच्या पार्टांचे मोल्ड बनवते. मोल्ड म्हणजे पोलादाचा साचा. त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून भरायचं, थंड करायचं, की गाडीच्या दाराचं कव्हर नाहीतर दिव्याचं घर तयार होऊन बाहेर पडतं. हे पोलाद कापण्यात मी तोवर पंचवीस वर्षं घालवली होती. आणि ह्या बाई पोलादाला हात लावायच्या आधीच कॉम्प्युटरवर प्लास्टिक ओतून सांगणार होत्या, की ते कुठून शिरेल, कुठे शेवटी पोचेल, हवा कुठे अडकेल आणि थंड होताना पार्ट कुठल्या बाजूला किती वाकेल. आम्ही हे सगळं मोल्ड बनवून झाल्यावर, पहिल्या ट्रायलला, कपाळावर हात मारत शिकत आलो होतो. आधी शिकता येतं हे मला मान्यच नव्हतं.

त्यांचा नियम एकच होता. कॉम्प्युटरला गणित करायला लावायच्या आधी खोलीत जो कोणी असेल त्याने फळ्यावर आपला अंदाज लिहायचा. शेजारी नाव. मग त्या फळ्यापुढे उभ्या राहून सगळे अंदाज मोठ्याने वाचायच्या आणि मगच माउसला हात लावायच्या.

"मॅडम, तुमचं यंत्र सांगणारच हाय की," मी एकदा म्हणालो, "मग आमी कशाला डोकं शिणवायचं?"

"यंत्र सांगेल ते खरं की खोटं, हे कोण सांगणार? त्याला आपण जे भरवलं तेच ते चावून परत देतं. मी एक शून्य चुकीचं टाकलं तरी ते तितक्याच ऐटीत उत्तर देईल. तुमच्या डोक्यात आधीपासून एक आकडा असेल तरच तुम्हाला खटकेल ना, दादा?"

मी खडू घेतला.

गणित चालू झालं की मॅडम बसायच्या नाहीत. टेबलाखाली सेफ्टी शूज काढून ठेवलेले, अंगात निळा एप्रन, एप्रनच्या खिशात भाजलेले शेंगदाणे, आणि मोज्यांवर खोलीभर येरझारा. स्क्रीनवरची पट्टी पुढे सरकली की एक शेंगदाणा तोंडात. अडकली की शेंगदाणाही हातात अडकायचा. प्लास्टिकचा उल्लेख त्या एखाद्या नात्यातल्या माणसासारखा करायच्या. "तो आळशी आहे, जाड वाट सोडणार नाही." "बघा, कोपऱ्यावर आला, आता कंटाळणार." उत्तर आलं की आधी स्क्रीनवरचे रंग बंद. लाल, पिवळा, हिरवा बघून माणसं उगाच घाबरतात किंवा उगाच खूश होतात, असं त्यांचं म्हणणं. रंग नको, आकडा सांगा.

अंदाज आणि उत्तर जुळलं तर मॅडम गप्प व्हायच्या, थोड्या हिरमुसल्यासारख्या. आणि नाही जुळलं, की टाळी! एकच, पण अशी खणखणीत की बाहेर पॅकिंगवाल्या पोरी दचकायच्या. "चुकलो! चला, आता खरं काम सुरू." चुकल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आमच्या टूलरूममध्ये चूक झाली की पहिल्यांदा शोधाशोध व्हायची ती कोणाच्या माथी मारायची ह्याची.

फळ्यावर सगळ्यात धीट हात होता कॅन्टीनच्या पेडणेकर मावशींचा. मावशी सावंतवाडीकडच्या, चहाची किटली घेऊन यायच्या आणि स्क्रीनवरच्या पार्टावर बोट ठेवून ठणकावून सांगायच्या, "माका विचारशात तर हवा हयसर अडकतली." लागोपाठ सहा वेळा साफ चुकल्या. सहाही वेळा मॅडमनी त्यांचं नाव फळ्यावर लिहिलं आणि का चुकलं ते नीट समजावून सांगितलं, एखाद्या इंजिनिअरला सांगावं तसं. सातव्या वेळी मावशींचं बोट नेमकं होतं तिथेच हवा अडकली. त्या दिवशी अख्ख्या शिफ्टला आल्याचा चहा दोनदा मिळाला, आणि मावशी पुढचे आठ दिवस आमच्याशी जरा तोऱ्यातच बोलत होत्या.

हे वेड आलं कुठून, ते मला एकदा जेवणाच्या सुट्टीत कळलं. मॅडम डब्याबरोबर पर्समधून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून ठेवायच्या. तो व्हर्निअर होता, बारीक मापं घ्यायचं साधन, जुना, त्यावरचे आकडे झिजलेले. त्यांचे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात लेथवर होते. संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत व्हर्निअरला कपाटातली वरची फळी असायची, आईच्या दागिन्यांच्या डब्याशेजारी. वडील शिफ्टवरून आले की मूठ पुढे करायचे. मुठीत एखादा वाया गेलेला नट, नाहीतर पिनचा तुकडा. सांग, किती एमएम? आधी डोळ्याने सांगायचं, मगच व्हर्निअर हातात मिळायचा.

"आणि चुकलं की?" मी विचारलं.

"बाबा टाळी वाजवायचे," मॅडम म्हणाल्या. "म्हणायचे, आता ह्या नटाला तू जन्मात विसरणार नाहीस."

पुढे विहाराच्या अभ्यासिकेत बसून त्या शिकल्या, इंजिनिअर झाल्या, पण पद्धत तीच राहिली. मला तो व्हर्निअर त्यांनी हातात दिला. मी उघडझाप करून बघितला. इतक्या वर्षांनंतरही केसभर ढिला नव्हता. त्या दिवसापासून मी मॅडमना मनातल्या मनात आमच्यातलं धरलं, पण त्यांच्या कॉम्प्युटरला नाही.

मग तो साहेबांचा प्रसंग घडला. साहेब म्हणजे आमचे मालक. माणूस वाईट नाही, पण पाहुण्यांसमोर चार इंच उंच चालणारा. एका मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं घेऊन ते मॅडमच्या खोलीत आले आणि म्हणाले, "ह्यांना ती रंगीत चित्रं दाखवा." मॅडमनी त्यांच्या हातात खडू दिला.

"साहेब, आधी अंदाज. हा पार्ट कुठल्या बाजूला वाकेल?"

पाहुणे हसले. साहेबांना नाही म्हणता येईना. त्यांनी फळ्यावर बाण काढला, बाहेरच्या बाजूला. पार्ट वाकला आतल्या बाजूला. आणि मॅडमना राहवलं नाही, त्यांनी टाळी वाजवली. पाहुण्यांपैकी एकानेही हौसेने वाजवली. साहेबांचे कान लाल झाले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

संध्याकाळी त्यांनी मॅडमना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. "ओव्हाळ मॅडम, दोन वर्षं झाली. मला ह्या खोलीचा उपयोग कळू दे. दाराच्या लांब कव्हरचा मोल्ड येतोय. तुमच्या कॉम्प्युटरप्रमाणे बनवा. पहिल्या ट्रायलला पार्ट सरळ आला तर खोली राहील. नाही आला तर तिथे पॅकिंगचं सामान ठेवायचं, आणि तुम्ही तपासणी विभागात." मॅडम फक्त "चालेल" म्हणाल्या. बाहेर आल्यावर मात्र त्यांचे डोळे चमकत होते. "दादा, लांब कव्हर! ते तर भयंकर वाकतं." जिची खोली जाणार आहे ती बाई अशी बोलत होती.

कव्हर हातभर लांब, एका बाजूने पातळ, एका बाजूने जाड. अशा पार्टाची जाड बाजू सावकाश थंड होते, जास्त आकसते आणि पार्ट धनुष्यासारखा वाकतो. अंदाज लिहायच्या दिवशी सगळे जमले. मावशींनी लिहिलं दोन एमएम. मॅडमनी अडीच. माझी पाळी आली तेव्हा मी खडू घेतला आणि लिहिलं, "मॅडमएवढाच." लोक हसले.

"हा अंदाज नाही, दादा," मॅडम म्हणाल्या, "ही खुशामत आहे." पण त्यांनी ते पुसलं नाही.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात आकडा होता. दीडच्या वर ते कव्हर वाकणार नाही, असं मला वाटत होतं. पण चुकलो तर टाळी पडणार, तीही माझ्या हाताखालच्या फिटरांसमोर. म्हणून मी तो गिळला.

गणित आलं, तीन पॉइंट दोन. टाळी झाली. मग मॅडमनी जो उपाय सांगितला तो ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला. त्या म्हणाल्या, मोल्डच उलट्या बाजूला तीन पॉइंट दोन वाकडा कापायचा. पार्ट बाहेर पडून थंड होताना तेवढाच वाकेल आणि सरळ होईल.

"सरळ पार्टाला वाकडा मोल्ड कापायचा म्हणता व्हय? मॅडम, आमी काय आज आलोय का?"

"कापून तर बघा."

इथे मी जे केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. टूलरूममधलं पहिलं शिक्षण असं, की पोलाद कमी कापलेलं बरं. कमी कापलं तर पुढे आणखी कापता येतं, जास्त कापलं तर परत चिकटवता येत नाही. हातचं राखून काम करायची ही सवय आमच्या बोटांत गेलेली असते. मी पोलादाचे ठोकळे मुद्दाम जाड घेतले, म्हणजे पुढेमागे मोल्डच्या दोन्ही बाजू आणखी खोल उतरवता येतील. आणि बाक घातला बरोबर निम्मा. एक पॉइंट सहा. तपासणीचा कागद मीच भरायचो. त्यावर मी तीन पॉइंट दोन लिहिलं आणि सही ठोकली. कोणाला बोललो नाही. उलट मला वाटत होतं, मी बाईंना वाचवतोय.

ट्रायल सकाळच्या शिफ्टला होती. पहिले काही पार्ट फेकून दिले, मशीन तापलं, मग पाच पार्ट घेऊन थंड होऊ दिले. ग्रॅनाइटच्या सपाट टेबलावर पहिला ठेवला आणि साहेब स्वतः वाकून बघायला लागले. पार्टाच्या पोटाखालून पलीकडचा उजेड दिसत होता. मॅडमनी फटीत मापाच्या पातळ पट्ट्या सरकवून मोजलं. एक पॉइंट सहा. दुसरा, एक पॉइंट सहा. पाचही पार्ट तेच.

मला वाटलं आता टाळी वाजणार. मॅडमचे हात वरही आले होते, पण तसेच थांबले. त्या पार्टाकडे टक लावून बघत राहिल्या.

"निम्मं जमलं, मॅडम," साहेब म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता, ते जास्तच लागलं. "निम्म्याने दार बंद होत नाही. सोमवारपासून तपासणी विभागात या."

तिथे बोलायची वेळ होती. माझं तोंड उघडलं नाही. मॅडमनी पाचही पार्ट काखोटीला मारले आणि खोलीत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. मी टूलरूममध्ये येऊन एकच पिन तीनदा घासली.

जेवणाची सुट्टी संपता संपता दार धाडकन उघडलं. मॅडम! पळत आलेल्या, पायात नुसते मोजे. आमच्या टूलरूमची जमीन म्हणजे लोखंडाचा धारदार कीस. मी ओरडून त्यांना थांबवलं आणि पायाखाली पुठ्ठा टाकला. त्या पुठ्ठ्यावर उभ्या राहूनच, धापा टाकत, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "दादा, किती कापलंत?"

"काय ते?"

"मी सकाळपासून बघतेय. चुकणारं गणित वेडंवाकडं चुकतं हो. कुठे पाव, कुठे पाऊण, एका टोकाला जास्त. पाच पार्ट बरोबर निम्मे चुकले. बरोबर निम्मं चुकतो तो माणूस. मग मी मोल्डचा बाक निम्मा करून गणित पुन्हा चालवलं. सकाळचा पार्ट आला, जसाच्या तसा! डाव्या टोकाला जो बारीक पीळ आहे ना, तोसुद्धा आला. एकच गोष्ट राहिली. तुम्ही सांगा, किती?"

त्यांनी मोल्डला हात लावला नव्हता. त्यांच्या खोलीतून, पाच वाकड्या पार्टांवरून, त्यांनी माझ्या मनातला हातचा शोधून काढला होता. माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. इतकी वर्षं पोलाद कापून मला जे दिसलं नव्हतं ते ह्या बाईला पोलाद न बघता दिसत होतं, आणि इतकं देखणं काम आपल्या कंपनीत चाललंय ह्याचा मला त्या लाजेतही हुरूप वाटला.

"एक पॉइंट सहा," मी म्हणालो.

टाळी वाजली नाही. अंदाज जुळला होता.

"तुमच्याकडे आकडा होता, दादा. तो फळ्यावर यायला हवा होता. तिथे चुकला असतात तर एक टाळी पडली असती, दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. तुम्ही तो पोलादात लिहिलात, आणि कागदावर माझा लिहिलात." मग पुठ्ठ्यावरून मागे वळताना म्हणाल्या, "साहेबांना मी काही सांगणार नाही."

त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी हात पुसले आणि तसाच केबिनमध्ये गेलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "बोऱ्हाडे, तुम्ही?" एवढंच म्हणाले. मग विचारलं, "ठोकळ्यात जागा आहे अजून?"

"हाय साहेब. दोनी बाजू खाली उतरवतो. ह्या बारीला पुरं तीन पॉइंट दोन."

"मंगळवारी ट्रायल. तोवर खोलीला कोणी हात लावायचा नाही."

मंगळवारच्या आधी साहेब स्वतःहून मॅडमच्या खोलीत आले आणि न सांगता खडू उचलला. पार्ट किती वाकडा येईल, ह्यावर त्यांनी लिहिलं अर्धा एमएम. तेवढं गिऱ्हाइकाला चालत होतं. मावशींनी लिहिलं "सरळसोट". मॅडमनी लिहिलं शून्य पॉइंट एक. आणि मी, सगळ्या फिटरांच्या देखत, मोठ्या आकड्यात लिहिलं शून्य पॉइंट सात. सात आला असता तर खोली गेली असती. पण मला तेच वाटत होतं, आणि ते मी लिहिलं. मॅडमनी माझ्याकडे बघून मान हलवली.

ट्रायलला पार्ट टेबलावर ठेवला. साहेब वाकले. खालून उजेड नाही. शून्य पॉइंट दोनची पट्टी जेमतेम सरकली, तीनची सरकेना. पाचही पार्ट तसेच. मशीनवरची पोरं शिट्ट्या मारायला लागली. साहेबांनी पार्ट उचलून दाराच्या नमुन्यावर बसवला आणि तो खट्ट आवाज करून बसला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्या गोंधळातच ती टाळी पडली. मॅडमही चुकल्या होत्या, आम्ही सगळेच चुकलो होतो, आणि सगळ्यात खूश त्याच होत्या. "शून्य पॉइंट एक कसा नाही आला? थंड पाण्याचं काहीतरी आहे. दादा, चला, आता खरं काम!"

खोली राहिली. पुढे तिच्यात आणखी दोन टेबलं आली, आणि आमच्याकडे सरळ पार्टासाठी वाकडे मोल्ड कापायला कोणी हसेनासं झालं. काही वर्षांनी मॅडम माणच्या आयटी पार्कातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत गेल्या. हेच गणित करणारी नवी प्रणाली तिथे बनवतात. जाताना त्यांनी फळा नेला नाही. मीच विचारलं, तर म्हणाल्या, "तो लेव्हलमध्ये ठोकलाय. कशाला हलवायचा?"

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मोशीच्या मशिनरी प्रदर्शनात. मी आता निवृत्त आहे, पण प्रदर्शन चुकवत नाही. एका स्टॉलभोवती ही गर्दी. मोठा स्क्रीन, आणि त्यावर म्हणे अशी प्रणाली, जी हजारो जुन्या पार्टांवरून शिकून डोळ्याचं पातं लवेपर्यंत उत्तर देते. शेंगदाणा खायलाही वेळ नाही. स्क्रीनशेजारी ओव्हाळ मॅडम. केस पांढरे झालेले, आणि माउस पाठीमागे लपवलेला. समोर टायवाले साहेब लोक उत्तर दाखवा म्हणून घाई करत होते, आणि मॅडम एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने त्यांचे अंदाज लिहून घेत होत्या. नावासकट.

मी लांब होतो. गर्दीतून पुढे जाता येईना. तेवढ्यात त्यांना मी दिसलो. हाक मारली असती तरी ऐकू गेली नसती. त्यांनी टेबलावरची प्लास्टिकची एक लांब पट्टी उचलून डोक्यावर धरली, माझ्याकडे रोखली आणि भुवया उडवल्या. किती?

मी पट्टीकडे बघितलं. एका बाजूने जाड, मधे दोन भोकं. मग हात वर केला, तळवा आतल्या बाजूला वाकवून दाखवला आणि चार बोटं उघडली. पुरी चार.

मॅडमनी पुठ्ठ्यावर लिहिलं, "बोऱ्हाडे, ४". मग माउस पुढे आणला. सगळी डोकी स्क्रीनकडे झुकली आणि मला दिसेनासं झालं.

एका क्षणाने टाळी वाजली. एकच, खणखणीत. मी चुकलो होतो.